भिरंडियाऱ्याला दीड तास थांबा: ठाण्याहून पांढऱ्या रणाकडे जाणाऱ्यांसाठी

भुजहून उत्तरेला, खावड्याच्या रस्त्याने साधारण ५५ किलोमीटर गेलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, बाजा टाकलेली जेवणाची ठिकाणं, मोठ्या कढयांत दूध आटत असलेल्या भट्ट्या, रणाच्या परवान्याचा नाका आणि मागे गोल मातीची घरं. हे भिरंडियारा. डावीकडे वळलं की होडको आणि धोरडो, म्हणजे पांढरं रण. सरळ गेलं की खावडा, काळा डुंगर आणि तिथून पुढे धोलावीरा.

कच्छला जाऊन आलेल्या ठाणेकरांना विचारलं तर बहुतेकांच्या आठवणीत हे गाव ‘परमिट काढलं ते ठिकाण’ एवढंच असतं. पहिल्या खेपेला माझंही तसंच झालं. नाताळचा आठवडा होता. दुपारी साडेचारला पोचलो, ओळखपत्रांच्या झेरॉक्स नव्हत्या, रांग लांबलचक होती, आणि रणात पाय ठेवला तेव्हा सूर्य बुडून गेला होता. परतताना मिट्ट काळोखात म्हशींचा कळप थेट बोनेटसमोर उभा राहिला. ब्रेक वेळेवर लागला, म्हणून निभावलं. त्यानंतर तीनदा गेलो, एकदा सत्तरीच्या आईला घेऊन. पाणी, जेवण, उजेड, रस्ता, मुक्काम, या सहलीतलं सगळं याच फाट्यावर ठरतं, हे दर खेपेला जास्त पटत गेलं. म्हणून माझा आग्रह आहे की इथे सकाळचा दीड तास राखून ठेवा. बाकीचा कार्यक्रम त्याभोवती कसा बसवायचा, ते क्रमाने सांगतो.

कधी जायचं

पावसाळ्यात रणात पाणी भरतं. ते आटून मिठाचा थर धरेपर्यंत नोव्हेंबर सरतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना बऱ्याचदा चिखलच पाहायला मिळतो, मग धोरडोला दर हिवाळ्यात भरणाऱ्या सरकारी रणोत्सवाचे तंबू लागलेले असोत वा नसोत. डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा काळ. मार्चपासून ऊन चटके द्यायला लागतं.

चांदण्यातलं रण पाहायचं तर पौर्णिमेच्या दिवसाचाच हट्ट धरू नका. त्या दिवशी गर्दी सगळ्यात जास्त आणि मुक्कामाचे दर सगळ्यात चढे. त्रयोदशी किंवा चतुर्दशीला जा. पौर्णिमेआधी सूर्य मावळताना चंद्र आधीच आकाशात वर आलेला असतो, त्यामुळे संधिप्रकाश आणि चांदणं एकमेकांत मिसळताना दिसतात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि लहान मुलं, म्हातारी माणसं थंडीत ताटकळतात.

मराठी घरांसाठी यात आणखी एक धागा आहे. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती, आणि भिरंडियाऱ्याहून सरळ जाणारा रस्ता ज्या काळ्या डुंगरावर जातो तिथे दत्तात्रेयांचं जुनं मंदिर आहे. नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला जाणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, पण या दत्तस्थानाचं नाव फार कमी जणांनी ऐकलेलं असतं. माझ्या आईने ते पहिल्यांदा ऐकलं आणि पांढऱ्या रणाचा विषयच बाजूला पडला.

ठाण्यात असतानाच करायची कामं

प्रत्येक माणसाच्या फोटो ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, मुलांच्याही. त्यावर सही करून एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. गाडीच्या आरसीची आणि चालकाच्या लायसन्सची प्रतही त्यातच टाका. रणाचा परवाना गुजरात सरकारच्या संकेतस्थळावरूनही काढता येतो. तसा काढला तर कागदावर छापून घ्या, कारण बन्नीत, म्हणजे भुजच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात, शिरल्यावर मोबाइलची रेंज कधी सोडून जाईल याचा भरवसा नाही. नकाशाही आधीच डाउनलोड करून ठेवा.

स्टेपनीत हवा भरून घ्या आणि जॅक खरोखर चालतो का, हे सोसायटीच्या आवारातच एकदा गाडी उचलून पाहा. पंक्चरचं इतकं का मनावर घ्यायचं, ते पुढे येईलच.

कपड्यांच्या बाबतीत ठाण्याची माणसं हमखास चुकतात. आपल्या हिवाळ्यावरून कच्छच्या हिवाळ्याचा अंदाज बांधता येत नाही. उघड्या रणात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो, आणि वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. कानटोपी, मोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. दिवसा मिठावरून ऊन डोळ्यांत परत फिरतं, त्यासाठी गॉगल घ्या.

गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीत एकही बाटली नको, अर्धी उरलेलीही नको.

रस्ता

ठाण्याहून भुज साधारण ८४० किलोमीटर आहे. घोडबंदर रोडने फाउंटनला महामार्गाला लागायचं, मनोर, चारोटी, तलासरी करत गुजरातेत शिरायचं, मग सुरत, भरूच, वडोदरा. वडोदऱ्यापासून अहमदाबादपर्यंत द्रुतगती मार्ग आहे. पुढे सरखेजहून विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया, आणि सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. सामखियाळी, भचाऊ, आणि तिथून दुधईमार्गे भुज. नवी मुंबईकरांनी ऐरोलीकडून पहाटे ठाण्यात येऊन हीच वाट धरावी.

गायमुखच्या घाटात अडकायचं नसेल तर पहाटे साडेचारच्या आत घर सोडा. एका दिवसात भुज गाठणारे बहाद्दर आहेत, पण मी तसं कुणाला सुचवणार नाही. वडोदरा किंवा अहमदाबादला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दुपारी भुजला पोचा.

घरात वयस्क माणसं असतील तर सरळ रेल्वेने जा. कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी या दोन्ही गाड्या बोरिवलीला थांबतात आणि रात्रभराच्या प्रवासात भुजला नेतात. भुजमध्ये दोन दिवसांसाठी चालकासह गाडी मिळते. स्थानिक चालकाला त्या रस्त्यावरच्या गुरांच्या वेळा माहीत असतात, हा मोठा फायदा.

भुजमधली रात्र

टाकी इथेच भरा. रोख पैसे इथेच काढा, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा पुरेशा ठेवा. प्यायचं पाणी माणशी चार लिटरच्या हिशेबाने इथूनच घ्या. सकाळी सातला निघायचं, म्हणजे त्याआधी सगळ्यांनी हॉटेलवर शौचाला जाऊन यायचं. आमच्या दुसऱ्या खेपेत या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं आणि बरोबरच्या बायकांचे फार हाल झाले. पुढे रस्त्यावर बरी सोय जेवणाच्या ठिकाणीच मिळते, तीही मोजक्या.

भुज ते भिरंडियारा

शहर सोडल्यावर साधारण २० किलोमीटरवर कर्कवृत्ताची पाटी लागते. मुलं असतील तर दोन मिनिटं थांबा. इथून पुढे रस्ता सरळ होत जातो आणि पायाखाली आपोआप जोर येतो, तेवढा आवरा. खावड्याच्या पलीकडे प्रचंड मोठा सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प उभा राहतो आहे. त्याचं सामान वाहणारे लांबच लांब ट्रेलर याच रस्त्याने जातात. त्यांना ओलांडायची घाई करू नका.

दोन्ही बाजूंना हिरवी काटेरी झुडपं दिसतात. वाळवंटात इतकं हिरवं पाहून बरं वाटतं, पण तो गांडो बावळ आहे, आपल्याकडची वेडी बाभूळ. मूळची दक्षिण अमेरिकेतली. खारटपणा पसरू नये म्हणून वनखात्याने १९६१ साली ती बन्नीत लावली, आणि मग तिने गवताचीच जागा खाल्ली. बन्नी हा अडीच हजार चौरस किलोमीटरांहून मोठा गवताळ प्रदेश आहे, त्यावर शेकडो वर्षं मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, जगत आले आहेत. गवत कमी झालं की त्यांच्या कढईतलं दूध कमी होतं. तुमच्यापुरतं सांगायचं तर या झाडाचे काटे टायरमध्ये आरपार जातात. फोटोसाठी, लघवीसाठी, कशासाठीही गाडी रस्ता सोडून झुडपात घालू नका.

भिरंडियाऱ्यात

सव्वाआठच्या सुमाराला पोचाल. गाडी एखाद्या दुकानासमोरच्या मोकळ्या, कडक जमिनीवर लावा आणि दुकानदाराला विचारूनच लावा. नंतर चहा त्याच्याकडेच घ्या.

पहिलं काम परवान्याचं. कागदांचं पाकीट घेऊन एकाच माणसाने खिडकीवर जावं. अर्जात नावं, गाडीचा नंबर, माणसांची संख्या भरायची, ओळखपत्राच्या प्रती जोडायच्या, शुल्क भरायचं. सकाळी या वेळेला काम चटकन होतं. दुपारी तीननंतर याच खिडकीवर रणाचा सूर्यास्त पाहायला निघालेली सगळी गर्दी लोटते. मिळालेला कागद गाडीत पुढेच ठेवा, धोरडोच्या पुढच्या नाक्यावर तो दाखवावा लागतो. सरहद्द जवळ असल्यामुळे ही तपासणी आहे, तेव्हा नाक्यावरच्या जवानांचे फोटो काढू नका आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

दुसरं काम भट्टीजवळ उभं राहण्याचं. भिरंडियाऱ्याचा मावा कच्छभर प्रसिद्ध आहे. बन्नीच्या म्हशीचं दूध कढईत तासन्तास ढवळत आटवतात, त्यात साखर पडते, आणि शेवटी दाणेदार, फिकट तपकिरी गोळा तयार होतो. बेळगावचा कुंदा खाल्लेल्याला ओळखीचं काहीतरी सापडेल, पण हा त्याहून हलका भाजलेला आणि दुधाच्या वासाचा. दुकानात मागताना ‘दूधनो मावो’ म्हणा. पानाच्या टपरीवर नुसतं ‘मावो’ म्हटलं तर आपल्याकडच्यासारखाच सुपारी-तंबाखूचा मावा हातात येतो. तो मुलांच्या हाती पडायला नको.

हा मावा सकाळीच का चांगला लागतो, याचं उत्तर म्हशींत आहे. बन्नीची म्हैस रात्री चरते. दिवसाचं ऊन टाळून संध्याकाळी कळप माळावर निघतो, रात्रभर गवत शोधतो आणि पहाटे आपला आपण धन्याच्या दारी परततो. मग धारा काढल्या जातात आणि दूध कढईत पडतं. २०१० मध्ये या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. माझ्यासमोर पहिल्या खेपेला जो कळप आला, तो त्याच्या रोजच्या कामावर निघाला होता. चुकीच्या वेळी रस्त्यावर मी होतो. त्यामुळे या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. चालवावीच लागली तर ताशी ४०च्या वर जाऊ नका. काळी म्हैस, काळा रस्ता, आणि तिच्या डोळ्यांची चमक दिसते तोवर फार उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. बन्नीचं भूजल खारं आहे. इथल्या मालधाऱ्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला अजून थक्क करते. सखल जागी, जिथे पावसाचं पाणी साचून मुरतं, तिथे ते उथळ खड्डे खणतात, त्यांना विरडा म्हणतात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगत राहतं. भिंती ढासळू नयेत म्हणून लाकडाची चौकट आणि गवत लावतात, आणि पाणी हळूहळू, वरच्या वर उपसतात. घाई करून खोल उपसलं तर खारं पाणी वर येतं आणि विरडा वाया जातो. हे कळल्यावर टपरीवरच्या माठातून चूळ भरायला किंवा गाडीची काच धुवायला पाणी मागायचा धीर होणार नाही. प्यायला मागाल तर ते प्रेमाने देतील. तुमच्याकडे भुजचं पाणी आहे, ते वापरा. रिकाम्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं गाडीतच ठेवून भुजला परत आणा. इथे उडालेलं प्लास्टिक म्हशींच्या पोटात जातं.

न्याहारीला बाजरीचा रोटलो, पांढरं लोणी, गूळ आणि ताक मिळालं तर दुसरं काही मागू नका. चहा दाट असतो, बशीत ओतून प्यायचा.

बोलायला अडचण येत नाही. गुजराती आणि हिंदी दोन्ही चालतात. आपसात ते कच्छी बोलतात, ती सिंधीला जवळची. उल्हासनगरच्या बाजारात ज्यांचा वावर आहे त्यांना अधूनमधून शब्द ओळखीचे वाटतील. पुरुषांना भाई, वडीलधाऱ्यांना चाचा किंवा काका, बायकांना बेन म्हणा. बन्नीतले बहुतेक मालधारी मुसलमान आहेत, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला काही दुकानं थोडा वेळ बंद दिसली तर थांबा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि ‘नाही’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

भरतकाम विकायला ठेवलेलं असतं. हाताचं आहे का, हे पाहायला कापड उलटं करा. यंत्राच्या कामाची मागची बाजू एकसारखी, दोऱ्यांची जाळी असलेली दिसते. हाताच्या कामात गाठी आणि टाक्यांचे लहानमोठे फरक सापडतात. यंत्राचं घेतलं तरी हरकत नाही, फक्त काय घेतो आहोत ते माहीत असावं. हाताच्या कामावर मात्र ठाणे स्टेशनबाहेर करतो तशी घासाघीस करू नका. एका चोळीमागे कुणाचे तरी कित्येक आठवडे गेलेले असतात.

गोल घरांना भुंगा म्हणतात. जाड मातीच्या भिंती, वर गवताचं शंकूसारखं छप्पर, आत मातीत बसवलेले आरशांचे तुकडे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात कच्छमधल्या हजारो चौकोनी इमारती कोसळल्या, तेव्हा नीट बांधलेले भुंगे तगले, कारण गोल भिंतीत धक्का एका कोपऱ्यावर साचत नाही. कुणी घरात बोलावलं तर चपला बाहेर काढून जा.

फाट्यावरून पुढे

आता साडेनऊ-पावणेदहा झालेले असतील. इथे बहुतेक जण डावीकडे वळतात. तुम्ही आधी सरळ जा. दिवसभर रणात काही करण्यासारखं नसतं, ऊन मात्र भरपूर असतं. सकाळ काळ्या डुंगराला द्यावी आणि संध्याकाळ रणाला.

खावडा ओलांडून काळा डुंगर भिरंडियाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटर. साडेचारशे मीटरहून थोडी जास्त उंची, कच्छमधलं सगळ्यात उंच ठिकाण. शेवटचा चढ तीव्र आहे, उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरा, नुसता ब्रेक धरून ठेवू नका. वरून उत्तरेकडे क्षितिजापर्यंत पांढरा पट्टा दिसतो. दुपारच्या आरतीनंतर मंदिराजवळच्या ओट्यावर कोल्ह्यांसाठी प्रसाद ठेवतात आणि त्यांना ‘लोंग, लोंग’ अशी हाक मारतात. भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काही नव्हतं, तेव्हा दत्तात्रेयांनी ‘ले अंग’ म्हणत स्वतःचं शरीर पुढे केलं, त्या ‘ले अंग’चं लोंग झालं, अशी तिथली कथा आहे. आपल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि दोन कोल्हे झुडपातून बाहेर आले तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. ओट्यापासून लांब उभे राहा, बोलू नका, मुलांना पळू देऊ नका.

धोलावीरा याच सहलीत बसवायचं असेल तर तो वेगळा दिवस धरा. खावड्याकडून, धोलावीरा जिथे आहे त्या खदीर बेटाकडे रणातून जाणारा सरळ रस्ता झाल्यापासून भचाऊ-रापरचा मोठा वळसा वाचतो. हडप्पाकाळचं हे नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. तिथे दगडात कोरलेले पाण्याचे हौद पाहताना विरडे आठवतात.

दुपारी अडीच-तीनला परत भिरंडियाऱ्यात जेवा. खिचडी-कढी मागा, हलकी पडते. मग फाट्यावरून (खावड्याकडून येताना तो उजव्या हाताला) वळून होडकोमार्गे चारपर्यंत धोरडो. गाडी वाहनतळावर ठेवा, तिथून पुढे पायी किंवा उंटगाडीने. मिठाचा थर वरून कडक दिसतो पण खाली काळा चिखल असतो. कडेला ओलसर, करडा रंग दिसला की मागे फिरा. रस्ता सोडून गाडी मिठावर नेण्याचा विचारही करू नका, चाकं रुतली की ती बाहेर काढणं फार अवघड.

सूर्य बुडाल्यावरही तासभर थांबा. आणि रात्री भुजला परतायचं नाही. होडकोत गावकऱ्यांनी स्वतः चालवलेलं भुंग्यांचं निवासस्थान आहे, धोरडोत आणि आसपास बरेच पर्याय आहेत. आधी नोंदणी करा. रणोत्सवाच्या तंबूंपेक्षा गावातला भुंगा मला नेहमी जास्त आवडला. रात्री म्हशींच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येत राहतात.

परतताना

घरी न्यायचा मावा दुसऱ्या दिवशी परत येतानाच घ्या, आणि तोही सकाळी तुमच्यासमोर कढईतून उतरलेला. पूर्ण निवेपर्यंत उघडा ठेवायला सांगा. गरम असताना डबा बंद केला की आत पाणी सुटतं आणि मावा लवकर खराब होतो. स्टीलचा डबा ठाण्याहूनच न्या. गाडीत तो डिकीत ठेवू नका, पायाशी सावलीत ठेवा. रेल्वेने आलात तर दुसऱ्या सकाळी तो फ्रीजमध्ये पोचतो, ते उत्तम. गाडीने दोन दिवस लागणार असतील तर मुक्कामाच्या हॉटेलात फ्रीज मागून घ्या. घरी आल्यावर चार-पाच दिवसांत संपवा.

ज्या दिवशी ठाण्यात पोचाल त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला टाका. धुणाऱ्याला सांगून खालची बाजू आणि चाकांच्या आतल्या कमानी जोराच्या पाण्याने धुऊन घ्या. रणातलं मीठ तिथे चिकटून बसतं, आणि आपल्या दमट हवेत पत्र्याला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. टायरच्या खाचांतही एकदा हात फिरवून पाहा. माझ्या मागच्या खेपेचा एक काटा तिथे तीन आठवड्यांनी सापडला होता.